वाचकांचे प्रश्न : पात्यावरचं १४१४ हे साल नाही

प्रश्न : नमस्कार सर, मी नोकरीसाठी न्युरेंबर्गला असतो. इथल्या जुन्या बाजारात मी २४० युरोला एक शिकारी तलवार घेतली, विकणारा म्हणाला हिर्शफेंगर आहे आणि सहाशे वर्षं जुनी आहे, कारण पात्यावर १४१४ कोरलेलं आहे. पातं सरळ, एकधारी, ६१ सेंमी, एका बाजूला हरीण आणि त्याच्या मागे कुत्रा, दुसऱ्या बाजूला सूर्य, चंद्र आणि खाली तो आकडा. मूठ हरणाच्या शिंगाची, तिच्यावर पितळेची तीन ओकची फळं बसवलीत, हाताखाली शिंपलीसारखी पितळी पट्टी, आडव्या दांडीची टोकं हरणाच्या खुरासारखी. म्यान काळ्या चामड्याचं, पातं त्यात अगदी नीट बसतं. पण पातं मुठीत थोडं हलतं, दांडीच्या खाचेत पात्याच्या बाजूला ४ मिमी जागा उरते आणि तिथे चामड्याचा तुकडा कोंबलाय. बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. फोटो सोबत आहेत. खरी आहे का डुप्लिकेट? आणि साफ कशी करू?

उत्तर : फोटो खूप छान काढलेत, विशेषतः खाचेचा जवळून काढलेला, त्याच एका फोटोमुळे निम्मं काम झालं. आधी तो आकडा बाजूला काढू. १४१४ हे साल नाही. जर्मनी आणि हंगेरीकडच्या १७व्या-१८व्या शतकातल्या पात्यांवर हा आकडा वारंवार सापडतो, शुभ आकडा म्हणून कोरायचे, हातात धरणाऱ्याचं रक्षण होईल अशी समजूत. त्याच्या जोडीला सूर्य, चंद्र, तारे असतात तेही त्याच भावनेतून. काही पात्यांवर 'विवाट पांडुर' असंही लिहिलेलं दिसतं, ते ऑस्ट्रियाच्या पांडुर नावाच्या सैनिकांच्या जयजयकाराचं, म्हणजे १८व्या शतकाच्या मध्याच्या आसपासचं. तेव्हा तुमचा विकणारा खोटं बोलला असं मी म्हणणार नाही, आकडा दिसला की साल वाटतं, पण १४१४ मध्ये अशा घडणीची शिकारी तलवार नव्हतीच.

आता खरं-खोटं. मला या विषयात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते आणि बाजारात नेमकी तीच कोणी सांगत नाही, की अशा तलवारीला एकच वय नसतं. पातं, मूठ आणि म्यान या तिघांना वेगवेगळं विचारायचं, तुझं वय काय, आणि मग तिघांची उत्तरं जुळतात का ते बघायचं. जुळली नाहीत म्हणजे लगेच फसवणूक झाली असं नाही. पात्यांचं मोठं केंद्र म्हणजे झोलिंगेन, वुपर नदीच्या पाण्यावर तिथली सहाणेची चाकं चालायची, आणि तिथून नुसती पाती युरोपभर जायची, मूठ दुसऱ्याच गावचा कारागीर बसवायचा. म्हणजे जन्मापासूनच दोन हातांचं काम. शिवाय चांगलं पातं कोणी टाकून देत नसे, मूठ तुटली, फॅशन बदलली, गणवेश बदलला की जुन्याच पात्याला नवी मूठ.

पात्यापासून सुरू करतो. एक भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं, आणि टॉर्च वरून न मारता बाजूने तिरका मारा. हरणाच्या अंगावरची एक रेष निवडा आणि तिच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत जा. हाताने, टोकदार छिन्नीने कोरलेली रेष तळाला निमुळती असते, सुरुवातीला बारीक, मधे रुंद, शेवटी परत बारीक, कारण हाताचा दाब तसाच पडतो. अॅसिडने केलेलं काम वेगळं दिसतं, रेषेचा तळ सपाट आणि किंचित रवाळ, खोली सगळीकडे साधारण सारखी. दोन्ही पद्धती जुन्याच आहेत म्हणून नुसत्या अॅसिडवरून नवीन ठरवू नका. पण १९व्या शतकात झोलिंगेनमध्ये नक्षी छापासारखी पात्यावर उतरवून मग अॅसिड लावायला लागले, तेव्हा तिथली पाती एकमेकांची भावंडं दिसतात, तीच पानं, तेच हरीण, त्याच जागी. तुमच्या फोटोतलं हरीण तसं नाही, मागचा पाय जरा लांब झालाय, कुत्र्याचं तोंड घाईत केलंय, चंद्राला नाक काढलंय, हे एका माणसाने एकदाच केलेलं काम आहे. आणि आजच्या नकलांमध्ये मशीनने केलेली नक्षी अगदी उथळ असते, सगळीकडे एकसारखी, त्यात काळा रंग भरून जुनं दाखवतात, भिंगाखाली तो रंग रेषेच्या काठावर सांडलेला दिसतो.

याच्याहून भरवशाची एक खूण आहे आणि ती मी प्रत्येकाला करून बघायला सांगतो. गंजाचे खड्डे जिथे नक्षीच्या रेषेला भेटतात ती जागा शोधा. खड्ड्याने रेष खाल्ली असेल, म्हणजे रेष येते, खड्ड्यात हरवते, पलीकडे परत सुरू होते, तर रेष आधीची आणि गंज नंतरचा. उलट रेष खड्ड्याच्या तळातून स्वच्छ, चकचकीत जात असेल तर कोणीतरी जुन्या गंजलेल्या पात्यावर नंतर नक्षी काढलीय, किंमत वाढवायला. तुमच्या तिसऱ्या फोटोत सूर्याच्या किरणांपाशी दोन किरण गंजात अर्धे विरलेत, तिथेच माझं मत पक्कं झालं. शिवाय पात्याच्या टोकाकडे कुत्र्याची शेपटी पुसट झालीय, वर मुठीजवळ मात्र आकडा ठळक आहे. टोकाकडचा भाग जास्त वेळा घासला जातो, धार लावली जाते, म्हणून झीजही तिकडेच जास्त हवी. नकलेत झीज सगळीकडे सारखी असते, कारण ती कापड-पावडर घासून आणलेली असते.

नाव नाही म्हणून घाबरू नका. १८व्या शतकातल्या कितीतरी पात्यांवर नाव नाहीच, आणि असलं तरी कधीकधी ते उसनं असतं. पासाउ गावचा धावणारा लांडगा हा पितळेचा शिक्का इतका नावाजला होता की झोलिंगेनवाल्यांनी तो सर्रास उचलला, चार-पाच ओबडधोबड रेघा असतात नुसत्या. म्हणजे शिक्का असता तरी मी त्याच्यावर एकट्यावर विसंबलो नसतो. सगळं मिळून तुमचं पातं मला १८व्या शतकाच्या मधलं वाटतं, दहा-वीस वर्षं इकडेतिकडे.

आता मूठ, आणि इथे ती ४ मिमीची गोष्ट. आडव्या दांडीतली खाच कारागीर पात्याच्या मापाने कानशीने वाढवतो, घट्ट बसेल इतकीच. खाच मोठी आणि मधे चामडं कोंबलेलं म्हणजे ही दांडी या पात्यासाठी बनवलेली नाही, जास्त रुंद पात्यासाठी तयार केलेली बसवलीय. मुठीची रूपरेषा बघा, शिंगाची पकड, पितळी ओकची फळं, खाली वाकलेली शिंपली, खुराची टोकं, हा सगळा १९व्या शतकातल्या वनाधिकाऱ्यांच्या आणि शिकाऱ्यांच्या गणवेशाचा थाट आहे. १८व्या शतकात दरबारी शिकारीत ही तलवार खरंच कामाची होती, कुत्र्यांनी घेरलेल्या हरणाला शेवटचा वार करायला, तेव्हाच्या मुठी हस्तिदंताच्या, हाडाच्या, पितळेत ओतलेल्या शिकारीच्या देखाव्यांच्या, काही तर मायसेनच्या पोर्सेलीनच्या. पुढे बंदुका सुधारल्या, १८४८ च्या क्रांतीनंतर दुसऱ्याच्या जमिनीवर शिकार करायचा सरदारांचा हक्क गेला, आणि ही तलवार हळूहळू कंबरेची शान होऊन बसली. तेव्हा घरातल्या जुन्या पात्याला गणवेशाची मूठ बसवून घेणं अगदी साहजिक होतं.

ही मूठ तरी जुनीच आहे ना, ते तीन ठिकाणी बघा. पितळेवर सोन्याचा मुलामा आहे तो शिंपलीच्या खोबणीत टिकलाय आणि उंचवट्यावर गेलाय, हे बरोबर आहे. पूर्वी पाऱ्यात सोनं कालवून तापवून मुलामा द्यायचे, तो जाड आणि उबदार पिवळा दिसतो, विजेने द्यायची पद्धत १८४० नंतर चालू झाली, तो पातळ आणि एकसारखा असतो. तुमचा विजेचा वाटतो, म्हणजे मूठ १८४० च्या पुढची, थाट बघता शतकाच्या उत्तरार्धातली. दुसरं म्हणजे शिंग. खऱ्या शिंगाच्या खळग्यांत तपकिरी, उंचवट्यावर फिकट, आणि जिथे तळहात येतो तिथे गुळगुळीत, कापलेल्या टोकाला आतला सच्छिद्र गाभा दिसतो. साच्यातल्या प्लॅस्टिकला गाभा नसतो आणि कुठेतरी बारीक शिवण सापडते. गरम सुई टोचून बघा असं कोणी सांगेल, अजिबात करू नका, कायमचा डाग पडतो आणि त्यातून जे कळतं ते भिंगातूनही कळतंच. तिसरं म्हणजे मुठीच्या अगदी वरचा लोखंडी ठिपका, पात्याची मुठीतून वर आलेली दांडी तिथे ठोकून पसरवलेली असते. तो ठिपका काळसर, गोलसर, आजूबाजूच्या पितळेइतकाच मळलेला हवा. तिथे कानशीचे ताजे ओरखडे किंवा हातोडी घसरल्याच्या चमकत्या खुणा असतील तर ती जोडणी हल्लीची. तुमच्या फोटोत ठिपका पितळेसारखाच काळवंडलाय. कुठेही अधिक-चिन्हाच्या खाचेचा स्क्रू दिसला असता तर मात्र मी तिथेच थांबलो असतो, तसे स्क्रू १९३० च्या दशकापासूनचे.

आणि म्यान, ज्याच्याकडे कोणी बघत नाही! पातं त्यात शेवटपर्यंत नीट बसतं, तोंडाच्या आणि टोकाच्या पितळेला मुठीसारखाच मुलामा आहे. म्हणजे नवी मूठ बसवल्यावर याच अरुंद पात्याच्या मापाने म्यान शिवून घेतलंय. आजच्या काळात कोणी जुनं पातं आणि जुनी मूठ जुळवून विकायला काढली असती तर त्याला त्या मापाचं जुनं म्यान कुठून मिळणार? ही एवढी साधी गोष्ट तुमच्या तलवारीच्या बाजूने सगळ्यात मोठी साक्ष आहे. तेव्हा उत्तर असं की पातं १८व्या शतकाच्या मध्याचं, मूठ आणि म्यान १९व्या शतकाच्या उत्तरार्धातलं, तिन्ही खरं, आणि ही जोडी तलवार वापरात असतानाच जुळलेली. संग्राहक एकसंध तलवारीला जास्त पैसे देतात हे खरंय, पण २४० युरोत तुम्ही फसलेला नाहीत, मला तर ती फार आवडली.

साफसफाई म्हणाल तर जितकी कमी तितकी चांगली. पॉलिश पेपर, पितळ चकचकीत करायची पेस्ट, लिंबू, व्हिनेगर, काहीही लावू नका, मुलामा एकदा गेला की परत येत नाही आणि पात्यावरची करडी छटा हेच तर वयाचं प्रमाणपत्र. लाल, बोटाला लागणारा गंज असेल तेवढाच पातळ तेलात भिजवलेल्या मऊ कापडाने हळूहळू काढा, मग मेणाचा पातळ हात. मूठ हलते म्हणून वरचा ठिपका परत ठोकायला जाऊ नका, शिंगाला तडा जाईल. आणि तलवार म्यानात ठेवू नका, चामड्यातल्या आम्लाने पातं गंजतं आणि पितळेवर हिरवं चढतं, दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. घराबाहेर नेताना जर्मनीत अशी तलवार उघडी बाळगता येत नाही, कुलूपबंद पेटीत किंवा बॅगेत न्यायची, हे कायम लक्षात असू द्या. वेळ मिळाला तर झोलिंगेनच्या ग्रेफ्राट भागातलं क्लिंगेनम्युझियम नक्की बघा, एका रांगेत शंभर मुठी बघितल्या की डोळा आपोआप तयार होतो.

प्रश्न : माझ्याकडच्या शिकारी तलवारीवर पात्याच्या मुळाशी दोन डोकी आहेत, एक मुकुटवाला राजा आणि एक शिरस्त्राणवाला योद्धा, खाली झोलिंगेन. दुकानदार १८२० चं म्हणतो. खरं मानू का?

उत्तर : नका मानू. राजाचं डोकं वायर्सबर्गचं आणि योद्ध्याचं किर्शबाउमचं, या दोन घराण्यांच्या कंपन्या १८८३ मध्ये एक झाल्या आणि तेव्हापासून दोन्ही डोकी शेजारी आली. म्हणजे तुमचं पातं १८८३ च्या आधीचं असूच शकत नाही. असे शिक्के फार उपयोगी असतात पण ते फक्त 'याच्या आधीचं नाही' एवढंच सांगतात. तसंच 'जर्मनी' हा शब्द इंग्रजी स्पेलिंगमध्ये असेल तर ते पातं निर्यातीसाठीचं आणि बहुतेक १८८७ नंतरचं, त्या वर्षी ब्रिटनने परदेशी मालावर खोट्या खुणांविरुद्ध कायदा केला आणि १८९० च्या कायद्याने अमेरिकेने देशाचं नाव सक्तीचं केलं. डी.आर.जी.एम. (जर्मन साम्राज्यात नोंदवलेल्या नमुन्याची खूण) ही अक्षरं दिसली तर १८९१ च्या पुढे, 'वेस्ट जर्मनी' दिसलं तर १९४९ च्या पुढे. पात्याच्या पाठीवर मुकुट, त्याखाली डब्ल्यू आणि दोन आकडे असतील तर ती शिकाऱ्याची नाहीच, प्रशियाच्या सैन्याने तपासून घेतलेली आहे, आणि ते दोन आकडे मात्र खरोखर सालाचे असतात, ७३ म्हणजे १८७३. दुकानदाराला हे शांतपणे दाखवा, किंमत नक्की खाली येईल.

प्रश्न : माझ्या नवऱ्याच्या जर्मन आजोबांची शिकारी तलवार आमच्याकडे आलीय. पांढरी मूठ, पात्यावर खारीचं चित्र, आणि शिंपलीवर हरणाचं डोकं, त्याच्या शिंगांमध्ये स्वस्तिक. घरात ठेवणं गुन्हा आहे का? आणि मूठ हस्तिदंताची असेल तर विकता येईल का?

उत्तर : ताई, घरात ठेवणं गुन्हा नाही. ते चिन्ह नाझी काळातल्या शिकारी संघटनेचं, १९३४ च्या शिकार कायद्याने सगळे शिकारी एका संघटनेत आणले आणि त्यांच्यावर हिटलरचा मंत्री गोरिंग बसला, तेव्हाचं. जर्मनीत हे चिन्ह लोकांसमोर मिरवणं, फोटो टाकणं हा फौजदारी कलम ८६ अ खाली गुन्हा ठरू शकतो, इतिहास-संशोधन-शिक्षणासाठी सूट आहे. म्हणून लिलाववाले छायाचित्रात चिन्ह झाकतात, तुम्हीही झाका. खार हा आयकहॉर्न कंपनीचा शिक्का. पण या काळातल्या वस्तूंना जगभर गिऱ्हाईक असल्याने इथे नकला बाकी सगळ्या काळापेक्षा जास्त आहेत, अगदी जुन्या साध्या तलवारीवर नवं चिन्ह चिकटवूनही विकतात. तुमच्याकडे घराण्यातून आलीय ही जमेची बाजू, आजोबांचा गणवेशातला फोटो, शिकारीचा परवाना, पत्रं काही असेल तर ते तलवारीबरोबर एकत्र ठेवा, त्याने तिची ओळख जेवढी पक्की होईल तेवढी कुठल्याही तज्ज्ञाच्या मताने होणार नाही.

पांढरी मूठ त्या काळात बऱ्याचदा सेल्युलॉइडसारख्या कृत्रिम मालाची असायची. मुठीच्या टोकाच्या आडव्या कापावर भिंग धरा, हस्तिदंतात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते, हाडात काळे बारीक ठिपके आणि रेघोट्या दिसतात, कृत्रिम मालात एक तर काहीच नाही किंवा अगदी सरळ समांतर रेघा. खरंच हस्तिदंत निघालं तर युरोपीय संघात ते १९४७ च्या आधीचं आहे हे सिद्ध करून प्रमाणपत्र घेतल्याशिवाय विकता येत नाही, तेव्हा जाहिरात देण्याआधी जिल्ह्याच्या निसर्गरक्षण कार्यालयात विचारा. आणि विकायची घाई नसेल तर आधी नवऱ्याला बसवून आजोबांबद्दल जे आठवतंय ते लिहून काढायला सांगा, ते कुठल्या वनखात्यात होते, तलवार कधी मिळाली, कोणी दिली.